बांबूच्या वरची मुलं

धुळ्याहून नरडाण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलो की माझं लक्ष खिडकीबाहेर नसतं, दाराकडे असतं. लहान मूल घेऊन एखादी बाई चढते, आणि कंडक्टर यायच्या आत पोराच्या डोक्यावर हात दाबून हळूच म्हणते, "वाक ना रे जरा." पोरगं गुडघ्यात वाकतं, नाहीतर आईच्या मांडीवर बसून एकदम तान्हं होऊन जातं. कंडक्टर बेरका असला तर म्हणतो, "पोरले मिशा फुटाले लागन्यात माय, अन् अर्धं तिकीट मांगस?" सगळी गाडी हसते. ती बाईसुद्धा हसते. मला मात्र त्या बाईचा हात दिसत राहतो. डोक्यावर दाबलेला. आमच्या आयांचे हातही आमच्या डोक्यावर असायचे, पण ते दाबायला नाही. लोक आपली मुलं लहान करून दाखवतात. आमच्या आयांनी आम्हाला मोठं करून दाखवलं. आणि एकदा मोठं केलेलं मूल परत लहान करता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिसरी शिकलेला माणूस आहे. तिसरी पासही नाही. नातू म्हणतो, डाडा, तुम्ही सांगा, मी मोबाइलवर टाइप करतो. मी म्हटलं, नको. माझ्या हाताने जेवढं येईल तेवढं लिहीन, काना-मात्रा चुकली तर चुकू दे. सिंधमधलं घर मला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते माझं आधीच लिहून झालंय. बोट, मग मुंबईचं ते फलाटावर झोपणं, मग चाळीसगावला गाडी बदलणं, आणि शेवटी धुळ्याचा कॅम्प. इथून माझी खरी आठवण सुरू होते. पत्र्याच्या लांबच लांब बराकी. आत चादरी आणि गोणपाटं टांगून एकेका कुटुंबाची खोली केलेली. शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी आपल्याला कळायचं. चैत्र-वैशाखात पत्रा असा तापायचा की दुपारी बायका मुलांना घेऊन पांझरेच्या पात्रात, पुलाच्या सावलीत जाऊन बसायच्या. गावातले लोक आम्हाला निर्वासित म्हणायचे. हा शब्द मी मराठीतला पहिला शिकलो. भाकरी हा शब्द त्यानंतर.

आमच्या गोणपाटामागे आम्ही चौघं. बाबा, म्हणजे आसूमल, तिकडे कापडाचं दुकान असलेला माणूस. इकडे आल्यावर ते दिवसभर पाठ ताठ करून बसायचे, जणू कोणी गिऱ्हाईक येणार आहे. अमां हसऱ्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण निर्वासित बाई म्हटलं की लोक रडणारीच धरून चालतात. मग माझी मोठी बहीण गोपी. तिला मी अदी म्हणायचो, आमच्यात मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. ती तेव्हा दहा वर्षांची. आणि मी आठचा, लछमण, पण अंगाने सहाचा वाटणारा, बुटका, आजही बुटकाच. अदी तिकडे शाळेत जायची. मास्तरीण व्हायचं हे तिने बोटीवरच जाहीर केलं होतं. बोटीवर सगळी माणसं ओकत होती आणि ही मला समोर बसवून पाढे विचारत होती. उत्तर चुकलं की कान पिळायची. बाबा म्हणायचे, "हिची शाळा समुद्रातही सुटत नाही."

आता त्या बांबूचं सांगतो. कॅम्पात शिधा मिळायचा. पीठ, तांदूळ, डाळ, कधी गूळ. मोठ्या माणसाला पूर्ण वाटा, मुलाला अर्धा. पण मूल कोणतं आणि मोठं कोण, हे ठरवायचं कसं? जन्माचे दाखले पलीकडे राहिले होते. आया सांगायच्या, पूर आला त्या वर्षी झाला, नाहीतर आंबा मोहरला तेव्हा झाली. कॅम्पचे साहेब यावर कंटाळले आणि त्यांनी गोदामाच्या दारात एक बांबू आडवा बांधला. एकेकाने त्याच्या खालून जायचं. ज्याला मान वाकवावी लागेल तो मोठा. जो ताठ मानेने खालून जाईल तो लहान. साहेब खुर्चीवर बसून बघणार, शेजारी कारकून हाक मारणार, "पूर्ण!" नाहीतर "अर्धा!" बस. एवढाच न्याय.

मोजणीच्या आदल्या दिवशी सगळा कॅम्प एकाच कामाला लागला. कोणी ठरवलं नाही, कोणी बोललं नाही, पण बराकीबराकीतून तेच. शेजारची चांदीबाई आपल्या तीन मुलींच्या चपलांत चिंध्या कोंबत होती. एका सुताराने शिध्याच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या कापून खडावा केल्या, उंच टाचेच्या, आणि त्या घराघरात फिरल्या. अमांनी आपली सुथण अदीला घातली. सुथण म्हणजे आमच्या बायकांची घोळदार सलवार, ती खाली लोळली की आत खडावा आहे का पाय आहे कोणाला दिसत नाही. मग अमांनी अदीचे केस वर घेतले, मध्ये फडक्याची गुंडाळी घातली आणि टाळूवर एवढा मोठा अंबाडा बांधला. अदी म्हणाली, "अमां, मी नवरी दिसते." अमां म्हणाल्या, "भाकरी दिसू दे, मग काहीही दीस." आम्ही खूप हसलो. मलाही उभं केलं, पण माझ्यावर चार खडावा रचल्या असत्या तरी उपयोग नव्हता. बाबा तोंड फिरवून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही." अमां म्हणाल्या, "तुम्हाला बोलायचंय कुठे? बांबू बोलेल."

दुसऱ्या दिवशी अदी खडावांवर तोल सावरत, सुथण दोन्ही हातांनी धरून दारापर्यंत गेली. मान वाकवायचं ती विसरलीच. तिचं कपाळ बांबूवर आपटलं, टक्क असा आवाज झाला, आणि कारकून ओरडला, "पूर्ण!" वहीत तिचं वय लिहिलं, पंधरा. रांगेतल्या बायकांनी पदरात तोंड लपवून घेतलं. अदी बाहेर आली ती कपाळ चोळत, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. त्या दिवशी अमांनी कोकी केली, कांदा घातलेली जाड पोळी, तव्यावर दाबून दाबून भाजलेली. तिकडून निघाल्यावर पहिल्यांदा आम्ही पोटभर जेवलो. अमां अदीच्या कपाळाचं टेंगूळ ऊन फडक्याने शेकत म्हणाल्या, "थोडे दिवस मोठी हो, पुट, माझ्या बाळा. घरी गेल्यावर परत लहान हो." घरी म्हणजे सिंधमध्ये. दिवाळीपर्यंत परत जायचं असं सगळे धरून चालले होते. कुठली दिवाळी ते कोणी म्हणत नव्हतं.

मग शाळा निघाली. कॅम्पच्या टोकाच्या बराकीत अर्ध्या भागात शाळा, आणि मध्ये पत्रा मारून पलीकडच्या अर्ध्या भागात कामाची शेड. साहेबांचा हुकूम चौकात वाचून दाखवला. अर्ध्या वाट्याची मुलं शाळेत जातील. पूर्ण वाट्याची माणसं कामावर जातील, कामावर न येणाऱ्याचा वाटा बंद. हुकूम वाचणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुलं शाळेत, मोठी माणसं कामावर, याहून सरळ काय असतं? पण त्या चौकात उभ्या असलेल्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण त्या कॅम्पात मोठ्यांत मोजलेली कितीतरी मुलं होती. दहाची, नऊची, आणि शेजारच्या बराकीतला हरी तर माझ्याच वयाचा, फक्त अंगाने वाढलेला. हरीला सूत रंगवायच्या हौदावर घातलं. त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले ते कायमचे. अदीला पापडाच्या शेडमध्ये घातलं. मी पाटी घेऊन उजव्या दाराने गेलो, ती लाटणं घेऊन डाव्या दाराने गेली. जाताना म्हणाली, "काय शिकवतील ते मला संध्याकाळी सांगायचं. नाहीतर कान."

आमचे गुरुजी नरडाण्याकडचे. शिकवताना पुस्तकी मराठी, रागावले किंवा माया आली की अहिराणी. पहिल्या दिवशी आम्हाला काही कळेना आणि त्यांना आमचं काही कळेना. त्यांनी खडूने फळ्यावर भाकरी काढली आणि म्हणाले, भाकरी. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, भाकरी. ही आमची मुळाक्षरं. अक्षर पुढे कधीतरी आलं. मुलं कशी होती सांगू? कोणी बसल्या जागी झोपायचं. कोणी दूर इंजिनाची शिटी झाली की बाकाखाली शिरायचं. एक पोरगा दररोज दारातच उभा राहायचा, आत यायला घाबरायचा, कारण दार बाहेरून बंद होईल म्हणून. गुरुजींनी ते दारच बिजागरीतून काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाले, "आते बठ्ठं मोकळं शे. ये बेटा." या माणसाने मला शिकवलेलं बाकीचं मी विसरलो, हे नाही.

मधला पत्रा पातळ होता. शेडमध्ये पोळपाटावर लाटणी वाजायची, आणि इकडे आम्ही पाढे म्हणायचो. थोड्या दिवसांत असं झालं की लाटणी पाढ्यांच्या ठेक्यावर पडायला लागली. आम्ही थांबलो की तीही थांबायची. पलीकडची मुलं ऐकून ऐकून पाढे शिकली. अक्षर एकही नाही, कारण अक्षराला आवाज नसतो, ते बघावं लागतं. संध्याकाळी अदी माझी पाटी घ्यायची, पण तोवर तिचे हात पिठाने आणि पापडखाराने सुजलेले असायचे, बोटं वळायची नाहीत. पेन्सिल धरून तिथेच झोपायची. मोंढ्याकडून वांगी विकायला येणारी सोनाक्का, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला अमांना तिनेच शिकवलं, एकदा अदीचे हात उलटेपालटे करून बघत म्हणाली, "हाई पोर केवढीशी शे, अन् हिले कामले काय लायी दिधं व माय?" अमां म्हणाल्या, पंधराची आहे. सोनाक्काने अदीच्या हातावर एक वांगं ठेवलं, जसं लहान मुलाच्या हातावर ठेवतात, आणि गेली.

एक दिवस शाळा तपासायला तालुक्याचे मोठे साहेब आले. सगळ्यांना तोंड धुवून बसवलेलं. नेमकं मला उठवलं आणि विचारलं, "सतरा नवे?" मला येत होतं. पण त्यांच्या बुटांकडे बघत बघत ते कुठे गेलं कळेना. गुरुजी साहेबांच्या पाठीमागून मला बोटांनी खुणा करायला लागले. आणि पत्र्यापलीकडून, लाटण्याचा एक ठोका, आणि वैतागलेला आवाज, "एकशे त्रेपन्न, गाढवा!"

सगळी शाळा हसत सुटली. साहेबही हसले. "कोण आहे पलीकडे?" गुरुजी जाऊन तिला घेऊन आले. अदी शेडमध्ये अनवाणी बसायची आणि उकाड्यामुळे केस सोडून दोन वेण्या घालायची. खडावा नाहीत, अंबाडा नाही, कोपरापर्यंत पीठ. साहेबांसमोर उभी राहिली ती एवढीशी. साहेबांनी तिला पंचविसाच्या पाढ्यापर्यंत विचारलं, ती सांगत गेली. मग त्यांनी गुरुजींना विचारलं, "ही मुलगी शाळेत का नाही?" गुरुजी म्हणाले, "ती मोठ्यांत मोजली आहे, साहेब. पंधरा." साहेबांनी तिच्याकडे परत बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "ही पंधराची असेल तर मी ऐंशीचा आहे. उद्या सकाळी हिच्या बापाला कचेरीत आणा. खरं वय सांगा, उद्याच शाळेत नाव घालतो." अदीने माझ्याकडे बघितलं. तसं तोंड मी माणसाचं परत बघितलं नाही. मी नातवंडांची लग्नं बघितली, त्यात नाही.

ही बातमी आमच्या आधी बराकीत पोचली. आम्ही घरी आलो तर गोणपाटासमोर माणसं बसलेली, मुखी स्वतः आलेले. मुखी म्हणजे आमच्या पंचायतीचे म्होरके, म्हातारा माणूस, दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतःचा वाटा देऊन टाकणारा. वाईट माणूस असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "आसूमल, तुझी पोरगी शाळेत जावी असं मला वाटत नाही का? पण तू उद्या खरं सांगितलंस की साहेब विचारणार, अजून किती आहेत अशा? परत मोजणी लागेल. बांबू काढून दात मोजतील, बकरीचे मोजतात तसे. आजचा पूर्ण वाटा उद्या अर्धा. सगळ्यांचा." बाबा म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही, मुखीसाहेब." चांदीबाई उसळली, "खोटं बोलू नका ना! खाल्लंत तेव्हा बरं होतं! तुमची एक पुस्तक घेऊन बसेल आणि माझ्या तिघी ताट घेऊन बसतील. बसू दे, पोटात पाढे भरीन मी त्यांच्या." अमां इतका वेळ चुलीकडे तोंड करून होत्या. वळल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीला घालायचं तिथे घाला ग बाई, पण तिच्यासमोर तरी बोलू नका." चांदीबाई एकदम खाली बसली आणि रडायला लागली. तिची मधली मुलगी त्या पावसाळ्यात देवीने गेलेली होती. तिचा वाटा ती अजून घेत होती, हे सगळ्या बराकीला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दात मोजायला आले असते तर तेही निघालं असतं.

अदी एका कोपऱ्यात कणीक मळत होती. तिने सगळं ऐकलं. कोणी तिला काही विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. मुखी उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

सकाळी बाबा निघायला तयार झाले. त्यांनी फेटा बांधला होता, खरं सांगायचं असं ठरवून बांधला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. तेवढ्यात अदी अमांसमोर पाठ करून बसली आणि म्हणाली, "अंबाडा बांधा. घट्ट." अमांचे हात हलेनात. तेव्हा तिने स्वतःच केस वर घेतले, स्वतःच फडकं कोंबलं, आणि पेटीमागून खडावा काढल्या.

कचेरीत मी बाबांचं बोट धरून होतो. कॅम्पचे साहेब खुर्चीवर, तालुक्याचे साहेब शेजारी, आणि गुरुजी दाराशी. तालुक्याच्या साहेबांनी तिला या वेशात बघितलं आणि कपाळाला आठी घातली. कॅम्पचे साहेब आमच्याशी हिंदीत बोलायचे. "लड़की, तेरी उमर क्या है?" बाबा बोलायला पुढे झाले. साहेबांनी हात केला, "उसको बोलने दो." गुरुजी दारातून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "खरं सांग ना व माय." अदीने गुरुजींकडे बघितलं, मग समोर बघितलं, आणि वर्गात उत्तर देतात तसं मोठ्याने म्हणाली, "पंद्रह." तालुक्याच्या साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा पंद्रह. बाबांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मुलीने एवढं मोठ्याने सांगितल्यावर बापाने तिला खोटी कशी पाडायची? साहेब म्हणाले, ठीक आहे, जा. कचेरीच्या दाराला बांबू नव्हता, चांगलं उंच दार होतं. तरी बाहेर पडताना अदीने मान वाकवली.

शेडमध्ये त्या दिवशी लाटण्यांचा आवाज आला, पण पाढ्यांच्या ठेक्यावर नाही. मी दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. अदी नाही तर मी नाही. मी लाटणं घेऊन डाव्या दाराने गेलो, तर मुकादम म्हणाला, "तू अर्ध्या वाट्याचा, तुला इथे काम नाही. निघ." मग मी दोन दारांच्या मधल्या दगडावर जाऊन बसलो. रोज. शाळा भरायच्या वेळेला यायचं आणि सुटायच्या वेळेला उठायचं. गुरुजी बाहेर येऊन बोलले, रागावले, एकदा खाऊ दिला, एकदा कानाला धरून आत नेलं. मी परत दगडावर. बाबांनी मारलं. अमांनी शपथ घातली. मी हललो नाही. मला वाटत होतं की कोणीतरी विचारेल, हा का बसलाय? आणि मग ते सगळं परत निघेल आणि नीट होईल. कोणी विचारलं नाही. कॅम्पात दगडावर बसलेली मुलं खूप होती.

शेवटी अदीच बाहेर आली. मला वाटलं जवळ घेईल. तिने खाडकन माझ्या तोंडात मारली. गालावर पिठाचा पांढरा पंजा उमटला असणार, कारण पलीकडची मुलं हसली. ती म्हणाली, "तू आत बसायचास तेव्हा त्या गोंगाटात मी तुझा एकट्याचा आवाज धरून असायची. तू पुढचं म्हटलंस की मला पुढचं यायचं. आता कोणाचा धरू रे मी?" मी गाल पुसला नाही. आणि शाळेत गेलो नाही. माझं नाव कमी झालं ते झालं. मी पुढे पापड विकले, मग कापड विकलं, मग दुकान केलं, आणि कोणापुढे मान वाकवली नाही. अदी मरेपर्यंत म्हणत राहिली की तू दोघांची शाळा बुडवलीस. मी म्हणायचो, मी तुझ्या बाजूने बसलो होतो. यावर आमचं कधी जमलं नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे.

परत मोजणी झाली नाही. सगळ्यांचे वाटे राहिले. पण कॅम्पात अदीचं वय आता पक्कं झालं होतं, आणि वय तर दरवर्षी वाढतंच. दोन-तीन वर्षांत ती अठराची झाली. अठराची मुलगी गोणपाटामागे बिनलग्नाची ठेवायची म्हणजे चार तोंडं बोलणार. यावलला एक आमच्यातलाच विधुर होता, सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून फैजपूरपर्यंत खेडी फिरायचा, तिशी उलटलेला. मुखींनीच जमवलं. भलं म्हणूनच जमवलं. अमांनी लग्नात तिचा अंबाडा बांधला तेव्हा आत फडकं घालावं लागलं नाही, केस वाढले होते. बाकी ती तेरा वर्षांची होती.

यावलला मी जायचो. केळीच्या बागांच्या कडेला तिचं दोन खोल्यांचं घर. पानं वाऱ्याने फाटतात त्याचा तिथे सारखा फडफड आवाज. तिची पहिली दोन बाळं राहिली नाहीत. दवाखान्यातल्या बाईंनी वय विचारलं तर तिने कॅम्पचंच सांगितलं, आणि बाईंना उमजेना की एवढ्या वयाच्या बाईचं शरीर असं कोवळं का. खरं वय तिने कोणालाच सांगितलं नाही. मला वाटतं, नंतर नंतर तिलाही ते खरं वाटेनासं झालं. नंतरची मुलं जगली, मोठी झाली, शिकली. त्यांचं प्रगतिपुस्तक आलं की ती हातात उलटं धरायची आणि नवऱ्याला म्हणायची, चांगलं आहे ना? सोनाक्काच्या भाकरीसारखी भाकरी थापायची आणि थापताना पाढे पुटपुटायची. आणि स्वतःच्या घराच्या दारातून जाताना मान वाकवायची. ते दार काही बुटकं नव्हतं. मी एकदा म्हटलं, अदी, वाकतेस कशाला? म्हणाली, "कुठे वाकते?"

एकदाच तिने या गोष्टीवर थट्टा केली. एसटीत म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट मिळतं. तिला ते तिच्या खऱ्या वयाच्या पाच वर्षं आधी मिळालं. ती एकटी धुळ्याला आली, दारातच तिकीट नाचवत म्हणाली, "लछू, बघ! मिळालं शेवटी! अर्धी झाले मी, अर्धी!" सुना-नातवंडं हसली, त्यांना वाटलं म्हातारी खूश आहे. मी तिचं ते तिकीट अजून ठेवलंय म्हणालो असतो तर शोभलं असतं, पण ठेवलं नाही. ते तिने तिथेच चुरगाळून चुलीकडे टाकलं आणि अमांच्या फोटोकडे पाठ करून बसली.

हल्ली टीव्हीवर दाखवतात, कुठल्या कुठल्या देशांत तारेच्या कुंपणामागे माणसं रांगेत उभी असतात, हातात भांडी. नातू चॅनल बदलतो, म्हणतो डाडांना त्रास होतो. मी म्हणतो, राहू दे. मी त्या मुलांची डोकी बघत असतो. कोणाच्या आईने केस वर बांधलेत, कोणाची चप्पल जाड आहे. समोर खुर्चीवर बसलेला माणूस बघतो. आणि मला माहीत असतं की त्याला काही दिसत नाहीये.

गेल्या हिवाळ्यात यावलहून भाच्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा अंगणात गल्लीतली माणसं जमलेली. केळीच्या बागेत कामाला जाणारा एक तरणा मुलगा तिरडीसाठी बांबू घेऊन बसला होता, हातात कोयता. भाचे आत रडत होते, म्हणून तो माझ्याकडे आला. अदबीने म्हणाला, "मामा, आजी केवढी होती हो? बांबू कापाचा आहे, माप पाहिजे." मी आत बघितलं. बायकांनी तिला न्हाऊ घालून खाली ठेवलं होतं. केस मोकळे. पाय अनवाणी. वयाने आटून आटून ती परत तेवढीच झाली होती.

त्या मुलाने बांबू उभा धरला. मी माझा हात छातीशी नेला आणि दाखवलं. एवढी.